हिमनग : न हलणाऱ्या डोंगराचा प्रवास

आमच्या घरात हा प्रश्न आला तो शाळेच्या वहीतून. मुलगी तिसरीत आहे. आयर्लंडच्या शाळांमध्ये आयरिश भाषा शिकवतात, आणि त्या आठवड्यात ध्रुवप्रदेशातले शब्द होते : पांढरं अस्वल, पेंग्विन आणि ‘क्नॉक आयर’. शेवटच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात ते लिहा.’

“आई, क्नॉक आयरला मराठीत काय म्हणतात?”

मी कांदा चिरत होते. न बघताच म्हणाले, “आइसबर्ग.”

“ते इंग्लिश झालं. आणि आइसबर्ग म्हणजे सँडविचमधला पाला.”

मग मला शब्द आठवला. हिमनग. कितीतरी वर्षांत तोंडाने उच्चारला नव्हता, वाचला मात्र हजारदा होता. तिने पुढचा प्रश्न टाकला, “म्हणजे काय?” मी सांगितलं की हिम म्हणजे बर्फ आणि नग म्हणजे डोंगर. डोंगराला नग का म्हणायचं, तर ‘न ग’, जो जात नाही, जागचा हलत नाही तो. शाळेतलं संस्कृत कामी आलं म्हणून मी जरा खूश झाले होते. तेवढ्यात ती म्हणाली, “पण तो तर तरंगत तरंगत जातो! बाईंनी व्हिडिओ दाखवला.”

तुम्हीही परदेशात मुलं वाढवत असाल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. आपण मराठी बोलताना शब्दांवरून चालत जातो, खाली बघत नाही. मुलं खाली बघतात. त्या संध्याकाळी मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आम्ही राहतो ते ओंगार डब्लिनच्या पश्चिमेला आहे. नावाला गाव, पण वय माझ्या मुलीपेक्षा फार मोठं नाही. पूर्वी या जागी घोड्यांच्या पैदाशीचं फार्म होतं, ते जाऊन इथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. इथून समुद्र दिसत नाही. जवळचं पाणी म्हणजे क्लोन्सिलाकडचा संथ रॉयल कालवा, आणि त्याच्यावर पातळसा बर्फ धरला तरी शेजारी फोटो काढायला जातात. तेव्हा हिमनग आमच्यासाठीही तितकाच लांबचा. पण या बेटाचं आणि त्या वस्तूचं नातं जुनं आहे, इतकं जुनं की तेव्हा त्या वस्तूला नावही नव्हतं.

केरी परगण्यातला संत ब्रेंडन सहाव्या शतकातला. त्याच्या समुद्रप्रवासाची लॅटिन कथा पुढे काही शतकांनी लिहिली गेली आणि मध्ययुगीन युरोपात खूप वाचली गेली. त्यात एक प्रसंग असा आहे. ब्रेंडन आणि त्याच्या सोबतच्या साधूंना समुद्रात एक खांब दिसतो. जवळ वाटतो, पण तिथे पोहोचायला तीन दिवस लागतात. तो लखलखीत स्फटिकाचा असतो, त्याचं टोक आभाळात हरवलेलं असतं. त्याच्याभोवती चांदीच्या रंगाचं एक प्रचंड जाळं असतं, आणि त्याची भोकं इतकी मोठी की त्यातून होडी आत जाते. ब्रेंडन चार दिवस खर्चून त्या खांबाच्या बाजू मोजतो. प्रत्येक बाजू चौदाशे हात भरते.

हा खांब हिमनगच असावा असं बऱ्याच अभ्यासकांनी सुचवलं आहे. सिद्ध करता येण्यासारखी ही गोष्ट नव्हे, पण वर्णन वाचताना तसं वाटतं खरं. जवळ भासणं आणि तीन दिवस लागणं, पांढऱ्या-चंदेरी रंगाची झाक, सभोवती पसरलेला तुटक बर्फ. मला त्यातली भाषा महत्त्वाची वाटते. लिहिणाऱ्याकडे शब्द नाही, म्हणून तो ओळखीच्या वस्तू गोळा करतो : खांब, जाळं, स्फटिक. गंमत अशी की युरोपीय भाषांतला ‘क्रिस्टल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ बर्फ असाच आहे. स्फटिक म्हणजे कायमचा गोठून गेलेला बर्फ, असं प्राचीन काळी मानत. म्हणजे शब्द नसूनही लेखक बर्फाच्या अगदी दारात जाऊन उभा राहिला होता.

असा प्रवास खरोखर होऊ शकतो का, हे बघायला टिम सेव्हरिन यांनी १९७६ साली बैलांच्या ४९ कातड्यांची ३६ फुटी होडी बांधून केरीचा किनारा सोडला. आइसलंडमध्ये हिवाळा काढून १९७७च्या उन्हाळ्यात ते न्यूफाउंडलंडला पोहोचले. वाटेत तरंगत्या बर्फाने होडीचं कातडं फाटलं आणि गोठत्या पाण्यात हात घालून त्यावर ठिगळ शिवावं लागलं. हिमनगाचा शब्दार्थ आणि त्याचा अर्थ यांत फरक असतो तो इथे.

आता शब्दाकडे येऊ. इंग्रजीतला ‘आइसबर्ग’ हा अर्धा उसना आहे. डच भाषेत ‘एइसबर्ग’ म्हणजे बर्फाचा डोंगर. इंग्रजांनी पुढचा भाग आपला ठेवला आणि मागचा ‘बर्ग’ तसाच उचलला. त्याआधी इंग्रज खलाशी ‘बर्फाची बेटं’ म्हणत. कॅप्टन कुकसुद्धा १७७२ ते १७७५ च्या दक्षिण समुद्रातल्या सफरीत बेटंच म्हणतो. मग डचांना बेट न दिसता डोंगर का दिसला?

कारण त्यांनी तो आधी जमिनीवर पाहिला. १५९६ साली विलेम बॅरेन्ट्स उत्तरेकडे गेला, तेव्हा दिसलेल्या टोकदार शिखरांवरून त्या भूमीला त्याने स्पिट्सबर्गन म्हटलं, म्हणजे अणकुचीदार डोंगर. पुढे डच देवमासेमारी जहाजं तिथे नेमाने जाऊ लागली. जहाजावरून त्यांना किनाऱ्याशी येऊन थांबलेल्या हिमनद्यांचे प्रचंड कडे दिसत. ते बर्फाचे डोंगर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत उतरला तेव्हा त्याचा अर्थ हाच होता : समुद्रावरून दिसणारा, किनाऱ्यावर उभा असलेला बर्फाचा कडा. खलाशी त्याचा उपयोग खूण म्हणून करत. तुटून तरंगत निघालेल्या तुकड्याला हे नाव चिकटलं आणि जुना अर्थ मागे पडला, तो एकोणिसाव्या शतकात.

इथे मला माझ्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. ‘आइसबर्ग’ हा शब्द जन्माला आला तेव्हा तो खरोखरच न हलणाऱ्या डोंगराचा होता. डोंगर तुटला, वाहत निघाला आणि जाताना नावही घेऊन गेला.

आयरिशमध्ये ‘क्नॉक’ म्हणजे टेकडी. मेयो परगण्यातलं ‘नॉक’ हे तीर्थक्षेत्र तुम्ही ऐकलं असेल, तोच हा शब्द. आयरिशमध्ये डोंगरासाठी ‘स्लीव’ असा वेगळा शब्द आहे, पण बर्फाच्या वाट्याला टेकडी आली. ज्या देशाचं सर्वांत उंच शिखर जेमतेम १,०३९ मीटर आहे तिथे हे शोभतंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. हिंदीने ‘हिमशैल’ आणि ‘हिमखंड’ घेतले. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसाट नावाचं गाव आहे, आणि तिथल्या भाषेत त्या नावाचा अर्थच ‘हिमनग’, अनेकवचनी. त्यांना डोंगर, टेकडी, बेट असं काही उसनं घ्यावं लागलं नाही. खिडकीतून रोज दिसणाऱ्या वस्तूला स्वतःचा शब्द असतोच. आपल्याकडे नाहीत का, सर, झड, रिमझिम, भुरभुर? हे सगळं इंग्रजीत सांगायला गेलं की नुसता पाऊस उरतो.

सॅलडच्या पाल्याचंही इथेच सांगून टाकते. ‘आइसबर्ग’ लेट्यूस हे नाव बर्पी या अमेरिकन बियाणे कंपनीने १८९४ साली बाजारात आणलं. बर्फ घातलेल्या डब्यांतून तो पाला रेल्वेने जाई म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात, पण ती गोष्ट नावापेक्षा तरुण आहे. नाव आधीचं. असो. माझ्या मुलीच्या पिढीला हा शब्द आधी डब्यात भेटतो आणि नंतर समुद्रात, हे मात्र खरं.

मग मराठीचं काय? मराठी मुलखात तरंगता बर्फ सोडाच, साधा बर्फही नव्हता. पण ‘हिम’ मात्र होतं, रूप बदलून. हिमाचं झालं हिव. हिवाळा त्यातूनच आला, हिवताप त्यातूनच आला, आणि ‘हिव भरणं’ हेही. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी हिम ही हातात धरण्याची वस्तू नव्हतीच. ती अंगात भरणारी गोष्ट होती. हुडहुडी. आजही सातारा-कोल्हापूरकडे घरातलं मोठं माणूस गोधडी ओढून ‘हिव भरलंय’ म्हणतं, तेव्हा ते नकळत हिमालयाच्याच शब्दात बोलत असतं.

हातात धरण्याजोगा बर्फ आला तो जहाजाने. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्युडरने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच विरघळला, तरी शंभरेक टन पोहोचला. पुढच्या वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणाच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकीकत मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत आवडीने सांगतात. थोरोने आपल्या ‘वॉल्डन’ या १८५४ सालच्या पुस्तकात तळ्यावर चाललेली बर्फाची तोडणी पाहून मुंबईची आठवण काढली आहे, ती याच व्यापारामुळे. या आलेल्या वस्तूला आपण फारसीतला ‘बर्फ’ हा शब्द दिला. आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ, तळ्यावर धरतो तोही बर्फ आणि गोळेवाला रंधून देतो तोही बर्फच. फरक करण्याची गरज कधी पडलीच नव्हती.

शास्त्राची पुस्तकं मराठीत आली तेव्हा मात्र गरज पडली, आणि भाषेने संस्कृतचं कपाट उघडलं. अमरकोशात ‘नग’ आणि ‘अग’ ही दोन्ही नावं पर्वत आणि झाड या दोघांनाही दिली आहेत, कारण दोघंही जागचे हलत नाहीत. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच श्लोकात हिमालयाला पर्वतांचा राजा म्हटलं आहे, तिथेही शब्द नग हाच. तेव्हा बर्फाच्या डोंगराला हिमनग म्हणणं सरळच होतं. शेजारी ‘हिमनदी’ही आली. हे दोन शब्द जवळ ठेवून पाहा. वाहते ती नदी. ती समुद्राशी येऊन तुटते आणि तुटलेल्या तुकड्याला आपण म्हणतो न हलणारा. शब्द करणाऱ्याची ही चूक नव्हे. त्याला अर्थ इंग्रजीतून मिळाला होता आणि घडवण्याचं साहित्य संस्कृतातून. वस्तू पाहायला तो कुठे जाणार होता?

बोलीत आणखी एक नग आहे, हे तुम्हाला आठवलंच असेल. दुकानदार ‘बारा नग’ मोजून देतो तो, आणि ‘तो म्हणजे एक नगच आहे’ असं आपण एखाद्या इरसाल माणसाबद्दल म्हणतो तो. त्याचा डोंगराशी संबंध नाही. पण दक्षिण ध्रुवाकडच्या मोठ्या हिमनगांना शास्त्रज्ञ जी नावं देतात ती पाहिली की मला हाच नग आठवतो. तिथल्या समुद्राचे चार भाग पाडून प्रत्येकाला एक अक्षर दिलेलं आहे, आणि त्यापुढे अनुक्रमांक. १९८६ साली सुटलेला आणि नंतर अनेक वर्षं एकाच जागी तळाला टेकून बसलेला प्रसिद्ध हिमनग म्हणजे ‘ए२३ए’. सरळ मालाच्या यादीतला नग!

शब्द आधी आला आणि वस्तू नंतर. आपल्या किनाऱ्यावरून वस्तू पाहायला माणसं निघाली ती ६ डिसेंबर १९८१ रोजी, गोव्याहून. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून गेली, ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परत आली. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत पहिल्यांदा दोन स्त्रिया होत्या. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरवैज्ञानिक अदिती पंत. अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या. पुणे विद्यापीठात पदवी, मग हवाई, मग लंडनला पीएच.डी. आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन. परदेशात शिकून परतलेल्या एका मराठी बाईने हिमनग जहाजाच्या कठड्यावरून पाहिले. शब्दकोशातला शब्द आणि डोळ्यांसमोरची वस्तू यांची गाठ पडायला इतका काळ जावा लागला.

त्याच मोहिमेत भारताचं पहिलं ठाणं उभं राहिलं, ‘दक्षिण गंगोत्री’. ते खडकावर नव्हतं, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर होतं. अशाच थरांच्या कडा तुटून दक्षिणेकडचे सपाट माथ्याचे हिमनग तयार होतात. काही वर्षांतच ठाणं बर्फात गाडलं गेलं आणि ते सोडावं लागलं. पुढचं ‘मैत्री’ खडकावर बांधलं. बर्फाला ‘नग’ मानून त्यावर घर बांधता येत नाही, हा धडा.

एवढं सगळं असलं तरी आपण हा शब्द वापरतो तो समुद्रासाठी नव्हेच. वर्तमानपत्र उघडा. ‘उघडकीस आलेला घोटाळा हे केवळ हिमनगाचं टोक आहे.’ हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला, आणि इंग्रजीतही तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच रुळला. आपल्याकडे त्या अंगाने जाणारी म्हण होतीच, शितावरून भाताची परीक्षा. उलट अंगाचीही होती, डोंगर पोखरून उंदीर काढणं. मराठी डोंगर मोठा दिसतो आणि आत काही निघत नाही. हिमनगाचं नेमकं उलटं. गोठलेलं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडंच हलकं असतं, घनमीटरला १,०२५ किलोच्या समोर सुमारे ९१७ किलो, म्हणून जवळजवळ नऊ दशांश भाग खाली राहतो. मराठीला अशा डोंगराची गरज होती, म्हणून वाक्प्रचार टिकला. मला त्याचा राग नाही.

तक्रार एवढीच, की आपल्या वापरात तो हिमनग उभाच असतो. अग्रलेख लिहिणारा किनाऱ्यावर सुरक्षित बसून बोट दाखवतो : बघा, खाली केवढं आहे! नुसता नग. खलाशाच्या तोंडी हा शब्द तसा येत नाही. त्याच्या लेखी हिमनग येत असतो. वारा टोकाला लागतो, पण मोठा भाग खालच्या प्रवाहात असल्यामुळे हिमनग प्रवाहाबरोबर जातो, कधी कधी तर चक्क वाऱ्याविरुद्ध. आणि तो झिजला की उलटतोसुद्धा, तेव्हा काल पाहिलेलं टोक आज पाण्याखाली असतं. वरचं पाहून तो कुठे चालला आहे ते कळत नाही, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. खाली पुष्कळ आहे, ही त्यातली निम्मी गोष्ट झाली.

माझं संशोधन विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सागरी संदेशवहनावर आहे, त्यामुळे पुढचं मला तुम्हाला सांगायलाच हवं. कॉर्कजवळचं कोव्ह हे बंदर तेव्हा क्वीन्सटाउन म्हणून ओळखलं जाई. ११ एप्रिल १९१२ रोजी बेलफास्टला बांधलेलं टायटॅनिक तिथे शेवटचं थांबलं. ते धक्क्याला लागण्याएवढं लहान नव्हतं, म्हणून १२३ प्रवाशांना दोन छोट्या बोटींनी नेलं. त्या बोटींची नावं होती ‘आयर्लंड’ आणि ‘अमेरिका’. जहाजावर मेयोतल्या अडरगूल या एकाच पॅरिशमधले १४ जण होते. ११ बुडाले. आजही दर १५ एप्रिलला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, जहाज बुडाल्याच्या वेळी, त्या गावात घंटा वाजवतात.

१४ एप्रिलला रविवार होता. त्या दिवशी बिनतारी यंत्रावर इतर जहाजांकडून बर्फाच्या सूचना एकामागून एक येत होत्या. सकाळी ‘कॅरोनिया’ने कळवलेलं कप्तानाच्या हाती पडलं होतं. त्या संदेशात हिमनगांचं नाव होतं, ‘ग्राउलर’ म्हणजे गुरगुरणाऱ्या लहान तुकड्यांचं होतं, सपाट बर्फाचंही होतं. शब्द नेमके होते, वाचणाऱ्यांना ते पाठ होते. पण हवा स्वच्छ असेल तर वेग कमी न करण्याची तेव्हाची रीत होती, आणि वेग कमी झाला नाही. रात्री ‘मेसाबा’कडून आलेली सूचना चालकांपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री अकराच्या सुमारास जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ने कळवलं की आम्ही बर्फाने वेढले जाऊन थांबलो आहोत. टायटॅनिकच्या तारवाल्याने त्याला गप्प बसायला सांगितलं, कारण तो केप रेसच्या ठाण्याशी प्रवाशांच्या तारा देण्याघेण्यात गुंतला होता. खुशालीच्या तारा, कामाच्या तारा. ११ वाजून ४० मिनिटांनी टेहळ्याने घंटेचे तीन ठोके दिले. एका मिनिटाच्या आत टक्कर झाली. सुमारे १,५०० माणसं गेली.

या तारवाल्याला दोष देणं सोपं आहे. वर्षानुवर्षं मीही व्याख्यानात हा प्रसंग सांगताना ‘गप्प बस’वर थोडं थांबायचे, म्हणजे श्रोते हळहळतात. आता थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दर रविवारी साताऱ्याला फोन असतो. तुमच्याकडेही असेलच. एका रविवारी आई म्हणाली, “बाबांना परवा जरा हिव भरलं होतं.” मी म्हणाले, क्रोसिन दे आणि गरम पाणी प्यायला सांग. मग मुलीने नवा दात पडल्याचं दाखवलं. पुढच्या रविवारी आई म्हणाली, “जेवण जात नाहीये, पण हवाच तशी आहे.” मी म्हणाले, हो, इथेही पाऊसच आहे. तिसऱ्या रविवारी बाबा फोनवर आले नाहीत. “झोपलेत,” आई म्हणाली. दुपारी चारला. मी विचारलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं, एक निबंध स्वीकारला गेला होता.

मंगळवारी रात्री चुलतभावाचा फोन आला. न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं. नऊ दिवस इस्पितळात होते, त्यातले चार प्राणवायूवर. विमानात बसले तेव्हा मी तीन रविवार पुन्हा पुन्हा आठवत होते. तीन सूचना, तिन्ही ओळखीच्या शब्दांत. कुणी काही लपवलं नव्हतं. आईने ‘हिव’ म्हटलं होतं, आणि त्या शब्दाची व्युत्पत्ती मी झोपेतही सांगितली असती. खुशालीच्या तारांतून मला ती सूचना ऐकूच आली नाही.

बाबा बरे झाले. हे आधीच सांगायला हवं होतं, कारण तुमच्यापैकी काहींच्या त्या मंगळवारचा शेवट असा झाला नसेल, हे मला माहीत आहे.

टायटॅनिकनंतर दोन वर्षांच्या आत, जानेवारी १९१४ मध्ये लंडनला अनेक देशांनी करार केला. त्यातून हिमनगांवर पाळत ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त आणि जहाजांवर बिनतारी यंत्र सतत ऐकत राहण्याचे नियम आले. ऐकणं ही सवयीवर सोडण्याची गोष्ट नाही, ती नेमून द्यावी लागते, एवढं त्यांना कळलं होतं. मीही आता रविवारी ‘कसे आहात’ विचारत नाही. काय जेवलात, किती वाजता उठलात, गच्चीवर गेला होतात का, जिन्यात थांबावं लागलं का, हे विचारते. बाबा वैतागतात. म्हणतात, पोलिसचौकीत एवढी चौकशी करत नाहीत. तरी उत्तरं देतात.

मुलीच्या वहीचं राहिलं. त्या रात्री मी तिला डच खलाशांपासून सगळं सांगितलं, म्हणजे तिला पेलेल एवढं. शेवटी सांगितलं की शब्द चुकीचा नाही, तो लांबून पाहून केलेला आहे. तिने रकान्यात देवनागरीत वाकड्या अक्षरांत ‘हिमनग’ लिहिलं आणि खाली चित्र काढलं. पाण्याची निळी रेघ, वर छोटं पांढरं टोक, खाली भलंमोठं अंग. आणि त्या अंगाला अगदी तळाशी, पाण्याच्या आत, दोन पाय. बूट घातलेले.

रविवारी तिने ते चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग आईला हाक मारून म्हणाले, “अगं, बघ ही काय काढते. ही पोर म्हणजे एक नगच आहे.”